गोव्याहून माल्टा: बेत हायपोजियमपासून सुरू करा

माल्टा बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ किलोमीटर. पणजी-मडगाव अंतर याहून जास्त भरतं. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढा देश. नकाशा बघून आपल्याकडची माणसं ठरवतात, की चार दिवस पुरे, जमलं तर दोन दिवस इटलीतलं सिसिली बेटही करू. बेत फसतो तो इथेच. या एवढ्याशा जागेत साडेपाच हजार वर्षांची देवळं आहेत, फिनिशियन आणि रोमन थडगी आहेत, अरबांनी आखलेल्या गल्ल्या आहेत, सेंट जॉनच्या नाइट्सचे, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाचे, किल्ले आहेत आणि त्यावर दीडशेहून जास्त वर्षांचा ब्रिटिश अंमल. रस्ते अरुंद, वाहनं उदंड. दहा किलोमीटरला बसने पाऊण तास लागला तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. गोव्याहून एवढा खर्च करून जायचं तर सात रात्री हव्यातच. त्याहून कमी असतील तर गोझो सोडा. दिवस कोंबू नका.

बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. मी सांगेन, सुरुवात हाल सफ्लिएनीच्या हायपोजियमपासून करा. बाकी सगळं मागेपुढे सरकवता येतं, हे येत नाही.

हायपोजियम म्हणजे मऊ चुनखडकात खाली खाली कोरत नेलेलं दफनस्थान. इसवी सन पूर्व ४००० ते २५०० या काळातलं, एकाखाली एक तीन मजल्यांचं. १९०२ मध्ये पाओला गावात नव्या घरांसाठी पाण्याच्या टाक्या खणताना ते सापडलं. जमिनीवर उभ्या असलेल्या देवळांचे खांब, तुळया, दारं हुबेहूब तशीच खडकात कोरली आहेत, आणि छतावर लाल गेरूची वेलबुट्टी अजून दिसते. हा गेरूच नाजूक. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची वाफ आणि दिव्यांचा उजेड यांनी तो उडू लागला, म्हणून नव्वदच्या दशकात ही जागा कित्येक वर्षं बंद ठेवली होती. २००० साली उघडली ती आत हवा आणि दमटपणा काटेकोर सांभाळणारी यंत्रणा बसवून, आणि दिवसाला फक्त ८० माणसं, दहा-दहाच्या गटाने, या अटीवर.

दहाचा गट याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दोन भावांची कुटुंबं मिळून आठ जण निघाले, तर एका वेळची जवळजवळ सगळी तिकिटं तुम्हालाच लागणार. तेवढी एकत्र मिळत नाहीत. दोन वेळांत विभागून घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, आणि ठरलेली वेळ चुकली की तिकीट गेलं. हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर दोन-तीन महिने आधी पाहिलं तरी उन्हाळ्यातल्या बऱ्याच तारखा भरलेल्या असतात. थोडी तिकिटं आदल्या दिवशी खिडकीवर चढ्या दराने विकली जातात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. व्हिसा हातात यायच्या आधी हे तिकीट काढावं का? काढावं. व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे जातील हे खरं, पण विमानाच्या तिकिटापुढे ते किरकोळ आहेत. तारखा मोकळ्या कधी आहेत ते आधी बघा आणि त्या दिवसाभोवती आठवडा आखा.

आता व्हिसा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे अर्ज नव्वद दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर फेब्रुवारीत अर्ज आत गेलेला बरा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विम्याच्या तारखा दोन्ही बाजूंनी एकेक दिवस जास्त घ्या. मध्यरात्रीच्या विमानामुळे तारीख बदलते आणि एका दिवसाची फट राहिली तर अर्ज तेवढ्यावरच अडकतो.

सिसिली जोडणार असाल तर रात्री मोजा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. इटलीत चार आणि माल्टात तीन रात्री दाखवून माल्टाकडे अर्ज दिला तर नकाराला ते एक कारण पुरतं. व्हिसा येण्याआधी विमानाचं पक्कं तिकीट मागत नाहीत, आरक्षण चालतं. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली, तर ती कुठून आली याचा कागद सोबत लावा.

गोव्यात एक अडचण हमखास येते: आडनाव. जुन्या पोर्तुगीज दप्तरातल्या जन्मदाखल्यावर पोरोब, पासपोर्टवर परब. एका कागदावर कामोतीम, दुसऱ्यावर कामत. अर्जात पासपोर्टवरचंच नाव घाला आणि बँक, नोकरी, विमा यांचे कागद त्याच नावाचे करून घ्या. जिथे फरक राहतोच तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

दुसरी गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना लागू पडते आणि फारच थोड्यांना ठाऊक असते. घरातल्या एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बाकीच्यांकडे भारतीय, अशी कुटुंबं गोव्यात गावोगाव आहेत. युरोपीय संघाच्या २००४/३८ या निर्देशाप्रमाणे, संघातल्या नागरिकाबरोबर त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जाणारा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांना व्हिसा फी न घेता आणि लवकर द्यावा लागतो. पोर्तुगीज नागरिकाचं कुटुंब माल्टाला जातं, तेव्हा हा नियम लागू होतो. अशा अर्जाला विमा किंवा बँकेचे कागद लागत नाहीत. लागतो तो नात्याचा पुरावा, म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्नाच्या किंवा जन्माच्या नोंदीचा दाखला, आणि एकत्र प्रवासाचा पुरावा. अर्ज भरताना संघातल्या नागरिकाच्या कुटुंबीयांचा रकाना भरायला मात्र विसरू नका. तो कोरा सोडला की अर्ज साध्या अर्जासारखा जातो. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने परतीसाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) सोबत ठेवायचं.

भारतातून माल्टाला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. एमिरेट्सचं दुबईहून निघालेलं विमान वाटेत सायप्रसच्या लार्नाकाला थांबतं. तिथे घाईघाईत उतरायचं नाही. गोव्याहून बुकिंग करताना मोपा आणि दाबोळी या दोन विमानतळांचे कोड नीट वाचा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. जाताना एक आणि येताना दुसरा असं स्वस्त तिकीट पुष्कळदा समोर येतं; काणकोणच्या माणसाला मोपाची टॅक्सी धरली तर त्यातली बचत उरत नाही. मुंबईहून वेगळं तिकीट काढणार असाल तर मधे सहा तास तरी ठेवा. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी काहीच नसते.

कधी जावं? जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन तिशीच्या वर, सावली नाही, हॉटेलं महाग आणि समुद्रकिनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा नाही. एप्रिल-मे मध्ये हवा उत्तम, डोंगर हिरवे, पण समुद्र १७-१९ अंश. आपल्या अठ्ठावीस अंशांच्या पाण्याची सवय असलेल्याला हुडहुडी भरेल. पोहायचं असेल तर सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. पाणी तेव्हा २४ अंशांच्या आसपास असतं आणि गर्दी उतरलेली असते. चवथ आटोपून निघणाऱ्यांना किंवा दिवाळीआधी जाणाऱ्यांना हा काळ बरोबर जुळतो. जानेवारीत पाऊस वर्षाच्या मानाने जास्त, तरी वर्षभराचा मिळून आपल्या एका जूनपेक्षा कमीच. पण थंडीत स्वस्त घर घेताना खोली तापवायची सोय विचारून घ्या. चुनखडकाच्या भिंती दमट आणि गार असतात, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त कुडकुडायला होतं.

फेस्त, म्हणजे गावच्या संताचा उत्सव, बघायची आवड असेल तर जून ते सप्टेंबर गावोगाव ती असतात. आपल्याकडे २९ जूनला सांगोड (होड्या जोडून केलेला उत्सव), तिथे त्याच दिवशी लिमनारिया. दोन्हीकडे संत पीटर, तिथे जोडीला पॉल. दारूकाम जमिनीवरच्या फिरत्या चक्रांचं आणि आकाशातलं, दोन्ही तऱ्हेचं. त्यासाठी उन्हाळ्याची गर्दी सोसावी असं मला वाटतं.

राहायला पाच रात्री राजधानी व्हॅलेटा किंवा समोरचं स्लीमा आणि दोन रात्री गोझो. व्हॅलेटात सगळं पायाखाली, पण पायऱ्या आणि चढ भरपूर. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर लिफ्ट आहे का ते आधीच विचारा. जुन्या घरांत ती नसते. स्लीमाहून व्हॅलेटाला फेरीबोटीने दहा मिनिटांत जाता येतं आणि बसच्या कोंडीतून सुटका होते.

व्हॅलेटा वसवली ती १५६५ च्या वेढ्यानंतर. तुर्कांनी मेमध्ये बेटाला वेढा घातला, २३ जूनला सेंट एल्मोचा किल्ला पडला, तरी बाकीचे किल्ले टिकले आणि ८ सप्टेंबरला वेढा उठला. (त्यानंतर पाचच वर्षांनी आदिलशहाची फौज गोव्याच्या वेशीवर होती, हे आपल्या वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही.) पुढच्या वर्षी नाइट्सचा प्रमुख, ग्रँड मास्टर ला व्हॅलेतने नव्या शहराचा पाया घातला. वेढ्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी बंदराच्या पलीकडे, बिर्गूला जा. नाइट्स तेव्हा तिथे राहत होते. तिथल्या काठावरून सेंट एल्मो किती जवळ आणि किती एकाकी होता ते दिसतं. पुस्तकात ते कळत नाही.

सेंट जॉनचं को-कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं, तेव्हा ते आठवड्यातल्या दिवशी सकाळी पहिल्या तासात गाठा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि टोकदार टाचेच्या चपला चालत नाहीत. जमिनीवर नाइट्सच्या सुमारे चारशे संगमरवरी समाध्या आहेत आणि त्यांवरूनच चालायचं असतं. आतल्या ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८ चं, पाच मीटरहून रुंद. त्यापुढे पाच मिनिटं उभे राहा. चित्राचा उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामा आहे, फक्त गजाआडून बघणारे दोन कैदी. डावीकडे मान अर्धी कापलेली, आणि मारेकरी उरलेली कापायला कमरेमागचा सुरा काढतो आहे. मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपलं नाव लिहिलं आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी, नाइट्सच्या कैदेतून पळाल्यावर, याच खोलीत या चित्रासमोर त्याची नाइट ही पदवी काढून घेतली गेली.

गोव्याच्या माणसाने आणखी दोन नावं शोधावीत. आंतोन्यू मान्युएल द विल्येना आणि मान्युएल पिंतो द फोन्सेका, दोघेही पोर्तुगीज ग्रँड मास्टर. पहिल्याने मान्युएल नाट्यगृह बांधलं, १७३२ मध्ये उघडलेलं आणि अजून चालू असलेलं. म्दीना या जुन्या तटबंदीच्या शहराचा १७२४ चा दरवाजाही त्याचाच. दुसरा १७४१ पासून बत्तीस वर्षं गादीवर होता. आज जिथे पंतप्रधानांचं कार्यालय आहे त्या ओबेर्ज द कास्तियच्या दारावर त्याचा अर्धपुतळा आहे.

म्दीना दुपारी बघू नका, टूरच्या बसगाड्या तेव्हाच येतात. ५१, ५२ किंवा ५३ नंबरची बस घेऊन पोहोचा, आधी शेजारच्या रबातमधली सेंट पॉलची भुयारी थडगी बंद व्हायच्या आत आटपा आणि दिवे लागल्यावर म्दीनाच्या गल्ल्यांत शिरा.

हाजार इम आणि म्नायद्रा ही दोन प्राचीन देवळं एकमेकांपासून पाचशे मीटरवर आहेत; ७४ नंबरची बस जाते. दोन्हींचा दगड वेगळा आहे, हे बघण्यासारखं. हाजार इमचा मऊ, म्हणून खारा वारा आणि ऊन खाऊन पोखरलेला. म्नायद्राच्या बाहेरच्या भिंतींचा कठीण प्रवाळी, अजून धारदार. २००९ मध्ये दोन्हींवर तंबू उभारले ते यासाठीच. इथून खाली ब्लू ग्रोटोला होड्या असतात. सकाळी निळा रंग खुलतो, पण लाटा असल्या की होड्या सोडत नाहीत.

आणि लाटा कधी असतात? इथे आपला अंदाज चुकतो, कारण आपण भरती-ओहोटी बघतो. माल्टात ती जवळजवळ नाहीच, वीत-दोन वीत. समुद्र ठरतो वाऱ्यावर. मायिस्त्राल, म्हणजे वायव्येचा वारा, वर्षभर सर्वांत जास्त वाहतो. तो सुटला की गोल्डन बे, आयन तुफिएहा, कोमिनोचा ब्लू लगून खवळतात, आणि आग्नेयेकडचा सेंट पीटर्स पूल तळ्यासारखा शांत असतो. श्लोक, आग्नेयेचा दमट वारा, सुटला की उलटं. म्हणून पोहण्याचा दिवस वार बघून ठरवू नका, आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघून ठरवा. किनारे बरेचसे खडकाळ; शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं आणि खडकांवर काटेरी समुद्री साळू असतात. पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच न्या. लहान मुलांना वाळू हवी तर मेलिएहा, तिथे कितीतरी आत जाईपर्यंत पाणी कमरेच्या खालीच असतं. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. जांभळा म्हणजे जेलीफिश किंवा दूषित पाणी.

ब्लू लगूनला जाण्याआधी आता ऑनलाइन मोफत नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. ती केली नाही तर होडीचं तिकीट असूनही अडचण होते.

गोझोला चिरकेवा बंदराहून फेरी, पंचवीस मिनिटांची. जाताना तिकीट मागत नाहीत. पैसे परतताना गोझोच्या म्जार बंदरात भरायचे, माणशी पाच युरोच्या आत. व्हॅलेटाहून थेट जलद बोट आहे, पाऊण तासाची, पण ती माणसांसाठीच आणि वारा वाढला की आधी तीच बंद होते. मोठा वारा असला तर फेरीही थांबते, तेव्हा गोझो कधीही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. तिथे जगांतियाची देवळं इसवी सन पूर्व ३६०० च्या सुमाराची. काही दगड पाच मीटरहून लांब, पन्नास टनांहून जड. अझुर विंडो शोधत द्वेयराला जाणारे अजून भेटतात. ती समुद्रातली खडकाची कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. तरी द्वेयराला जाच; बोगद्यातून होडीने बाहेरच्या समुद्रात नेतात.

मार्साश्लोकचा मासळीबाजार रविवारी. कॅथेड्रल तेव्हा बंद असतं, म्हणून हा दिवस इथेच खर्चावा. दहाच्या आत पोहोचा. गावांच्या नावातला एक्स श असा वाचायचा, रोमी कोंकणीत वाचतो तसाच. बसच्या पाट्या मग सोप्या होतात.

बसला हात दाखवावा लागतो, नाहीतर ती थांबत नाही. भरलेली असली तर दाखवूनही थांबत नाही. तिकीट दोन-तीन युरोचं आणि दोन तास चालतं. उन्हाळ्यात दुपारी मधल्या थांब्यावर उभं राहण्यापेक्षा व्हॅलेटाच्या मुख्य स्थानकावर येऊन चढा. गाडी भाड्याने घ्यायची तर फक्त गोझोत. डावीकडून चालवतात, त्यामुळे आपल्याला अवघड नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवतात. डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी गाडी देत नाहीत. पार्किंगची पांढरी रेघ सर्वांसाठी, पिवळी कोणासाठीच नाही.

खाण्याची चिंता नको. पास्तीत्सी, म्हणजे पापुद्र्यांच्या सारण भरलेल्या पुऱ्या, दोन तऱ्हेच्या, रिकोटा चीजच्या आणि वाटाण्याच्या. शिवराक (शाकाहारी) असाल तर पिठात चरबी घातली आहे का ते विचारून मग घ्या. नुस्तं, म्हणजे मासे, खाणाऱ्यांनी ऑगस्टअखेरपासून येणारा लांपुकी मासा मागावा. गावच्या भट्टीतला माल्टीज पाव बाहेरून कडक, आतून जाळीदार असतो. टोमॅटो, केपर आणि टुना भरलेली फ्तीरा, म्हणजे चपटा गोल पाव, दुपारच्या जेवणाला पुरते.

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पायांचा. आपला गोल पायांचा बसत नाही. सर्व देशांसाठीचा म्हणून विकतात तो अडाप्टर घेताना चौकोनी पाय आहेत याची खात्री करा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असल्यामुळे चव आवडत नाही आणि सगळे बाटल्याच घेतात. प्रत्येक बाटलीमागे दहा सेंट अनामत असते. बाटल्या चेपू नका, सुपरमार्केटच्या दारातल्या मशीनला त्यावरची खूण वाचता आली नाही तर पैसे परत मिळत नाहीत.